रिग्ली फील्डवरची पहिली दुपार: शिकागोत नव्याने आलेल्यांसाठी

शिकागोत राहायला आलात की वर्षभरात कोणीतरी विचारतंच, "रिग्लीला गेलात की नाही?" ऑफिसातला शेजारी, मुलाच्या मित्राची आई, नाहीतर दाताचा डॉक्टर. रिग्ली म्हणजे शिकागो कब्ज ह्या बेसबॉल संघाचं घरचं मैदान. आपण हसून वेळ मारून नेतो. बेसबॉल कळत नाही, जे थोडं पाहिलं ते टीव्हीवर, आणि टीव्हीवर हा खेळ खरंच कंटाळवाणा दिसतो. मीही चार वर्षं टाळलं. मग भारतातून बाबा सहा महिन्यांसाठी आले. पंधरा दिवसांत घरात बसून त्यांचा जीव घुसमटायला लागला, तेव्हा नाइलाजाने दोन तिकिटं काढली. त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी डोक्यातलं क्रिकेट थोडं बाजूला

पूर्ण काढू नका, त्याचा पुढे उपयोग आहे. पण चौकार-षटकारांच्या अपेक्षेने गेलात तर तिसऱ्या इनिंगपर्यंत फोन बाहेर येईल. इथे १-० असा निकालही चांगल्या सामन्याचा असतो. दहापैकी सात वेळा बाद होणारा बॅटर इथे नावाजलेला ठरतो. आयपीएल पाहायला निघाल्यासारखे जाऊ नका, कसोटीच्या पहिल्या सकाळी जाऊन बसल्यासारखे जा. चेंडू नवा आहे, गोलंदाज भारी आहे, धावा होत नाहीत, आणि तरीही डोळे हटत नाहीत.

घरून निघण्यापूर्वी एवढे नियम पुरेत. नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये आधी पाहुणे बॅटिंग करतात, मग घरचे. टॉस नाही. तीन आउट झाले की बाजू बदलते. बॅट फिरवून हुकलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर आउट, आणि चार वाईट चेंडू पडले की तो फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेतल्या पहिल्या मुक्कामावर, चालत जातो. त्या वाईट चेंडूला इथे 'बॉल' म्हणतात. ह्यामुळे पहिल्या दिवशी डोकं हमखास गोंधळतं, कारण सगळेच बॉल आहेत! बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन पांढऱ्या रेषांच्या आतच चेंडू मारायचा. बाहेर गेला तर फाउल, म्हणजे आपला लेट कट आणि लेग ग्लान्स इथे कवडीमोल. फाउलही स्ट्राइकमध्ये धरतात, पण त्याने तिसरा स्ट्राइक होत नाही. म्हणून एखादा चिवट बॅटर दोन स्ट्राइक झाल्यावरही पाच-सहा चेंडू फाउल मारत तग धरतो. ही झुंज ओळखता आली की खेळ कळायला लागला असं समजा.

बाकीचं मैदानावर शेजारचा माणूस सांगतो. न विचारता सांगतो.

कुठला सामना निवडायचा

एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज खेळ असतो. त्यामुळे "सामना चुकला" अशी हळहळ करण्याचं कारण नाही. तिकिटाचा भाव मात्र सामन्यागणिक बदलतो. सेंट लुइस कार्डिनल्सशी कब्जचं जुनं वैर आहे, आणि व्हाइट सॉक्स म्हणजे गावातलीच भाऊबंदकी. हे सामने आणि जुलैतले शनिवार महाग. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरमधला मधल्या वारचा सामना, समोर फारसं नाव नसलेला संघ, हा नवख्याला उत्तम. जागा बरी मिळते, आणि आजूबाजूला हौशी सहलकरी कमी, नेमाने येणारे जास्त.

दुपारचा सामना निवडा हा माझा आग्रह आहे. रिग्ली फील्ड १९१४ सालचं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या मैदानांत बॉस्टनचं फेनवे पार्क (१९१२) तेवढं त्याहून जुनं. आणि इथे १९८८पर्यंत दिवेच नव्हते! बाकीच्या सगळ्या संघांनी रात्रीचे सामने सुरू करून कित्येक दशकं लोटली होती. ८ ऑगस्ट १९८८ला पहिल्यांदा दिवे लागले, आणि त्या रात्री पावसाने सामना धुऊन नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. दुपारी एक वीसचा सामना ही अजूनही इथली खास वेळ. ऑफिसला दांडी मारून आलेली माणसं तेव्हा जशी खुशीत दिसतात तशी रात्री दिसत नाहीत.

थंडीचं काय ते आधीच सांगते. एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा घरी ऊन पाहून मी पातळ स्वेटरवर निघाले होते. मैदान मिशिगन तलावापासून जेमतेम मैलभर. तलावावरून वारा आला की बसल्या जागी हुडहुडी भरते. पाचव्या इनिंगला मी दुकानातून सगळ्यात जाड ब्लँकेट विकत घेतलं. ते अजून घरात आहे आणि त्याच्या किमतीवरून अजून बोलणी खाते. मेच्या मध्यापर्यंत कानटोपी सोबत असू द्या.

तिकीट आणि जागा

तिकीट फोनवरच येतं, कागद नसतो. लीगचं 'एमएलबी बॉलपार्क' नावाचं ॲप आहे, तिकीट त्यात आणून ठेवा आणि घरून निघतानाच उघडून पाहा. दारापाशी हजारो माणसं एकदम फोन चालवत असतात, नेटवर्क रडतं. दर पाहताना शुल्क धरून एकूण रक्कम पाहा, वरचं शुल्क बरंच असतं.

जागेत तीन गोष्टी बघा.

पहिली, ऊन. होम प्लेट मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. त्यामुळे होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला दुपारी सावली लवकर उतरते, तर आउटफील्डमागच्या उघड्या बाकांवर, म्हणजे ब्लीचर्समध्ये, शेवटपर्यंत ऊन. जुलैत आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर छपराखालची जागा घ्या. एप्रिलमध्ये नेमकं उलटं करा, सावलीत गोठाल.

दुसरी, खांब. जुनं बांधकाम असल्यामुळे वरचा मजला आणि छप्पर खांबांवर उभं आहे. खालच्या मजल्याच्या मागच्या रांगांत काही जागांसमोर असा खांब येतो. तिकीट स्वस्त दिसलं की बारीक अक्षरात 'दृश्य मर्यादित' असं लिहिलंय का ते शोधा.

तिसरी, चेंडू. पहिल्या-तिसऱ्या बेसजवळच्या खालच्या रांगांत फाउल चेंडू येतात, आणि ते टेनिसचे नव्हेत. ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने सुटलेला कातडी चेंडू असतो. आता जाळी बरीच लांबपर्यंत लावली आहे, पण तिच्यापलीकडे बसलात आणि मांडीवर लहान मूल असेल तर पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, हात उचलला की फोन खाली.

ब्लीचर्सबद्दल दोन शब्द. गंमत तिथे सर्वांत जास्त, आरडाओरडाही तिथे, बिअरही तिथेच सांडते. पाहुण्या संघाने होम रन, म्हणजे आपला षटकार, मारला आणि तो चेंडू तुमच्या हाती आला तर तो परत मैदानात भिरकावायचा ही इथली रीत. ठेवून घेतलात तर सगळा स्टँड ओरडून तुम्हाला ती आठवण करून देतो. मित्रांबरोबर जरूर जा. सासूबाईंना पहिल्याच खेपेला नेऊ नका.

जायचं कसं

गाडीने नको. मैदान चक्क राहत्या वस्तीत आहे. चारी बाजूंनी रस्ते, घरं, आणि शेफील्ड व वेव्हलँड रस्त्यांवरच्या घरांच्या गच्च्यांवरही प्रेक्षकांसाठी बाकं बांधलेली. पार्किंग म्हणजे कोणाच्या तरी मागच्या बोळातली जागा, आणि तिचं भाडं कधीकधी तिकिटाहून जास्त. मी एकदा दिलं आहे.

शहरातल्या लोकलच्या रेड लाइनने ॲडिसन स्टेशनला उतरायचं, मैदान समोरच. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गकडून येणाऱ्यांनी मेट्रा ह्या उपनगरी रेल्वेने युनियन स्टेशन गाठावं, तिथून जॅक्सन किंवा मन्रोपर्यंत चालत जाऊन हॉवर्डकडे जाणारी रेड लाइन पकडावी. पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, गुडघे दुखणारे सोबत असतील तर टॅक्सी करा. स्कोकीवाल्यांनी यलो लाइनने हॉवर्डला येऊन गाडी बदलावी. निळे शर्ट घातलेली माणसं जिथे उतरतील तिथे उतरा, स्टेशनचं नाव वाचायची गरज पडत नाही.

तासभर आधी पोचा. क्लार्क आणि ॲडिसनच्या नाक्यावर लाल पाटी आहे, तिच्यासमोर सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा. मग आत जा. बोळकांडीसारख्या काळोख्या वाटेने जिना चढून वर आलात की एकदम ते हिरवं गवत समोर येतं. बाबा तिथे जिन्यातच थांबले, मागची माणसं खोळंबली तरी.

पिशवी आणि पोट

मोठी पिशवी नको. नियम मैदानागणिक आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून आदल्या रात्री क्लबच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. काही ठिकाणी घरचं खाणं आणू देतात, काही ठिकाणी अजिबात नाही. आणू देत असतील तर पोळीचे रोल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. स्टीलचा डबा, काचेची बरणी, थर्मास घरीच. सुरक्षा तपासणीत स्टीलच्या चारपुडी डब्याचं स्पष्टीकरण देण्याचा प्रसंग ओढवून घेऊ नका.

आतल्या खाण्याबद्दल महत्त्वाचं: इथला हॉट डॉग बहुधा निव्वळ बीफचा असतो. न विचारता घेऊ नका. शिकागो पद्धतीच्या हॉट डॉगवर मोहरीचा सॉस, कांदा, हिरवंगार रेलिश, टोमॅटो, लोणच्याची काकडी, छोट्या मिरच्या आणि सेलरीचं मीठ घालतात, पाव खसखशीचा. केचप मागितलंत तर विक्रेता तुमच्याकडे जसा पाहील तसा पुण्यात मिसळीवर केचप मागितल्यावरही कोणी पाहणार नाही. शाकाहाऱ्यांसाठी नाचोज, मऊ प्रेट्झेल, फ्राइज, पॉपकॉर्न आणि टरफलांसकट भाजलेले शेंगदाणे. टरफलं सरळ पायाशी टाकायची, तसंच करतात. आमच्या घरात त्या एका सवलतीवर बाबा फार खूश आहेत.

बिअर घेणार असाल तर ओळखपत्र लागतं, केस पांढरे असले तरी मागतात. पाहुण्यांचा पासपोर्ट जवळ असू द्या. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात विक्री बंद होते. फेरीवाल्याने पाचवी-सहावी खुर्ची सोडून तुमच्याकडे काही पाठवलं तर ते हातोहात पुढे सरकवायचं. दादरच्या बसमध्ये तिकिटाचे पैसे जायचे तसंच.

खेळ सुरू झाल्यावर काय बघायचं

राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची. मग बसा आणि मधल्या आउटफील्डमागचा मोठा हिरवा धावफलक पाहा. तो १९३७ सालचा आहे आणि अजून माणसंच आत बसून त्याचे आकडे हाताने बदलतात. इतर शहरांत चाललेल्या सामन्यांचे आकडेही त्यावर लागतात. शिवाजी पार्कवर पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बेसबॉलच्या धावफलकांवरची तीन इंग्रजी अक्षरं एवढीच लक्षात ठेवा: आर म्हणजे धावा, एच म्हणजे हिट्स (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके), ई म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका. हो, चूक इथे जाहीर लावतात. आपल्याकडे सुटलेल्या झेलाचा असा हिशोब ठेवला असता तर किती जणांचं काय झालं असतं!

आउटफील्डच्या विटांच्या भिंतीवर चढलेला आयव्हीचा वेल हीदेखील त्याच साली लावलेली. चेंडू त्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. हात वर न करता तो शोधत बसला तर चेंडू चालू, धावणारा धावतच राहतो. एप्रिलमध्ये पानं नसतात, वेलीच्या काड्या दिसतात. हिरवी भिंत पाहायची असेल तर जून उजाडू द्या.

वारा पाहा. धावफलकावरचे झेंडे आत, होम प्लेटकडे फडकत असतील तर उंच मारलेला चेंडू मध्येच मरतो. बाहेर फडकत असतील तर काहीही होऊ शकतं. १७ मे १९७९ला असाच वारा बाहेर वाहत होता, आणि फिलाडेल्फियाने कब्जला हरवलं, २३-२२ने. हा बेसबॉलचाच आकडा आहे.

आता माझी सगळ्यात लाडकी सूचना: आत शिरताना स्कोअरकार्ड आणि पेन्सिल विकत घ्या. बाबा त्यांच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचे स्कोअरर होते, त्यांना खेळ कळला तो ह्या कार्डामुळे. प्रत्येक जागेला एक आकडा आहे. पिचर १, कॅचर (आपला यष्टिरक्षक) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला आणि त्याने पहिल्याकडे, दोन जण आउट, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट म्हणजे इंग्रजी 'के', आणि तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसताच बघत राहून गेला असेल तर तोच 'के' उलटा. त्या उलट्या अक्षरात बॅटरची सगळी फजिती मावते. आपण जे मोकळं समजतो ते दोन चेंडूंमधलं अंतर कार्ड लिहिताना भरून जातं. कॅचर का सरकला, आउटफील्डर दोन पावलं मागे का गेले, हे दिसायला लागतं. दुसऱ्या खेपेला बाबांनी शेजारच्या अमेरिकन आजोबांची चूक दुरुस्त केली. त्या आजोबांनी रबर मागून घेतलं.

पूर्वी हे सगळं फार रेंगाळायचं. २०२३पासून पिचरसाठी घड्याळ आलं. बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, कोणी बेसवर असेल तर थोडा जास्त वेळ. त्याने सामना सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. जुने लोक आधी कुरकुरले, आता वेळेवर घरी जातात. बरोबरी मात्र नाही. नऊ इनिंगनंतर समान असले तर निकाल लागेपर्यंत खेळतात, आणि दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक धावणारा आयता मिळतो.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उठतात, पाय मोकळे करतात आणि १९०८ सालचं एक गाणं गातात. कोणीतरी पाहुणा वरून माइकवर सुरुवात करून देतो, बहुधा बेसूर. शब्द पडद्यावर येतात. लाजू नका, आरतीला टाळ्या वाजवता तेवढ्या मोकळेपणाने गा.

१९०८ हे साल इथल्या लोकांपुढे दुसऱ्याही कारणाने जपून काढायचं. त्या वर्षी कब्ज जगज्जेते झाले, आणि त्यानंतर थेट २०१६ला. १०८ वर्षं. क्लीव्हलँडविरुद्धचा सातवा सामना दहा इनिंगपर्यंत गेला, मध्ये पावसाने सतरा मिनिटं खेळ थांबवला, आणि कब्जनी तो ८-७ने काढला. शेजारी साठीच्या पुढचं कोणी बसलं असेल तर "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" एवढंच विचारा. पुढच्या दोन इनिंग तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

पाऊस

पाच इनिंग झाल्या असतील (घरचा संघ पुढे असेल तर साडेचार), तर सामना पूर्ण धरता येतो आणि तिकीट संपलं. सामना सुरूच झाला नाही आणि पुढे ढकलला तर बहुधा तेच तिकीट नव्या तारखेला चालतं. त्यामुळे ढग पाहून लगेच उठू नका, छपराखाली जाऊन शेंगदाणे खा.

परवडत नसेल तर

रेड लाइननेच दक्षिणेकडे सॉक्स-थर्टीफिफ्थला उतरा. व्हाइट सॉक्सचं मैदान तिथे आहे. २०२४मध्ये ते १२१ सामने हरले, म्हणून गर्दी कमी आणि तिकिटं पुष्कळदा निम्म्यात मिळतात. २००५ला तेही जगज्जेते झाले होते, हे तिथे मोठ्याने म्हणा, मैत्री होते. रिग्लीच्या आसपास म्हणू नका.

परत येताना

शेवटचा आउट झाला की सगळे एकदम ॲडिसन स्टेशनकडे धावतात. तुम्ही धावू नका. अर्धा तास खुर्चीतच बसा, कार्ड पुरं करा, किंवा दहा मिनिटं दक्षिणेला चालत बेलमाँट स्टेशनला जा, तिथे ब्राउन लाइनही मिळते. आम्ही थांबतो, कारण बाबांना ॲडिसनच्या फलाटावरून धावफलकावरचा झेंडा पाहायचा असतो. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे हरले. आगगाडीतून घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून तो लावतात.

पहिल्या दिवशी एल होता. बाबांनी गाडीत कार्ड उघडून सहावी इनिंग पुन्हा वाचली, त्यांच्या मते पिचर आधीच बदलायला हवा होता. मग विचारलं, "ह्यांचा पुन्हा सामना कधी?"

"उद्या. ह्याच दोघांचा. एक वीसला."

"मग जेवण साडेअकराला उरकायला हवं," ते म्हणाले.